मोटारसायकलचा हात विसरावा लागतो

रावेर परिसरात मालरिक्षा घेणारा माणूस बहुतेक वेळा मोटारसायकलवरून उतरून आलेला असतो. हॅण्डल ओळखीचं, क्लच डाव्या मुठीत, ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत. ते साहजिकच आहे. आपे ही तीनचाकी मालरिक्षा १९४८ साली इटलीत जन्मली ती व्हेस्पा स्कूटरपासूनच. आज ती बारामतीत तयार होते. पण गॅरेजांत बसून आणि केळीच्या बागांकडे या गाड्यांतून फिरून माझं मत झालं आहे की, नव्या मालकाची पहिली अडचण त्याला मोटारसायकल येते हीच असते.

ब्रेक दाबायची वेळ आली की हे दिसतं. उजव्या मुठीपुढे दांडा नसतो, ब्रेक सगळा उजव्या पायाखाली. गिअर डाव्या मुठीच्या पिळात. घाईत नवख्याची बोटं हवेत दांडा शोधतात आणि डावा पाय नसलेला गिअर.

खरा फरक वळणावर. मोटारसायकल वळणात कलते आणि बाहेर फेकणारा जोर त्या कलण्यात जिरतो. तीनचाकी कलत नाही. तो जोर बाहेरच्या बाजूला जातो, आतलं मागचं चाक हलकं होतं आणि वेग जास्त असेल तर उचललं जातं. गाडी उभी असते तो त्रिकोण मागे रुंद, पुढे निमुळता. वळणात ब्रेक मारला की वजन नेमकं त्या निमुळत्या टोकाकडे धावतं. म्हणून वेग वळणाआधी उतरवायचा आणि वळण निघेपर्यंत ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही.

खड्ड्यांचंही तसंच. मोटारसायकल एका रेघेतून जाते, जीप खड्डा दोन चाकांच्या मधे घेते. मालरिक्षाच्या तीन रेघा. खड्डा मधे घ्यायला गेलात तर पुढचं चाक बरोबर त्यात. खड्डा पुढच्या आणि मागच्या चाकाच्या रेघांमधे बसत नसेल, तर वेग कमी करून तो सरळ पार करावा.

केळीचा माल बागेतून ट्रकपर्यंत आणताना भरणीला महत्त्व येतं. घड असोत की कॅरेट, जड माल खाली आणि मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे. सगळं वजन मागच्या फाळक्याकडे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. हॅण्डल लोण्यासारखं फिरतं, पण गाडी वळत नाही. अर्धी भरणी असेल तर दोर आवळावा, कारण वळणात सरकणारा माल गाडी सोबत घेऊन जातो. ठिबकच्या ओल्या काळ्या मातीत रुतलात तर हॅण्डल सरळ करून रिव्हर्स घ्या. चाक वाकडं ठेवून रेस केली की पुढचं चाक नांगरासारखं आत जातं.

देखभालीचं बोलायचं तर हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारच्या तापल्या टायरचा आकडा फसवतो. एअर-कूल्ड इंजिनाच्या पंख्या धुळीने बुजल्या की इंजिन तापतं, म्हणून त्या आणि एअर फिल्टर कंपनीच्या मुदतीची वाट न पाहता साफ करावेत. हॅण्डलच्या बेअरिंगला ग्रीस, क्लच व गिअरच्या केबलींना तेल, मागच्या शाफ्टवरच्या रबरी बुटांना चीर पडली आहे का यावर नजर. बूट फाटला की ग्रीस बाहेर, माती आत, आणि शंभराचं काम हजारांवर जातं. खताच्या गोण्या वाहिल्या असतील तर हौद त्याच दिवशी धुवावा. युरिया-पोटॅश पत्रा खातात. धुतल्यावर ब्रेक ओले असतात, चालू गाडीत दोन-चार वेळा हलके दाबून सुकवावेत.

दुचाकीचं लायसन्स या गाडीला चालत नाही, हे शोरूमच्या दारातच लक्षात घ्यावं. कागदांवरचं मालवजन हीही केवळ औपचारिकता नाही. ब्रेक आणि टायर तेवढ्याच हिशेबाने दिलेले असतात. इंजिन जास्त ओढून दाखवतं, थांबवण्याचं काम मात्र त्याच ड्रमना करावं लागतं. म्हणून नव्या मालकाने आधी रिकामी गाडी मोकळ्या मैदानात फिरवावी, मग अर्ध्या मालाने गावरस्ता धरावा. बऱ्हाणपूर रस्त्यावर भरल्या गाडीने निघायची वेळ त्यानंतरची.