घरचे सोयाबीन उगवेल का?

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात अंकुशनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेले गाव आहे. आसपासच्या शिवारात ऊस, कपाशी आणि सोयाबीन ही तिन्ही पिके घेतली जातात. तेथील, किंवा मराठवाड्यातील कोणत्याही शाळेतील मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. पुढच्या हंगामासाठी या तीन पिकांचे बियाणे कोठून येते?

तीन वेगवेगळी उत्तरे मिळतील. उसाचे बियाणे नसते, बेणे असते. उसाची कांडी लावली की मूळच्या उसाचीच हुबेहूब नक्कल वाढते. कपाशीचे बियाणे दर वर्षी विकत आणावे लागते, कारण ते संकरित असते. संकरित झाडाचे बी पेरले तर पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते आणि शेतात उंच, बुटकी, लवकर येणारी, उशिरा येणारी अशी झाडांची सरमिसळ दिसते. सोयाबीनचे तसे नाही. सोयाबीनच्या फुलात स्वतःच्याच परागकणांनी फलधारणा होते आणि शेतात पेरले जातात ते सरळ वाण असतात. त्यामुळे आईसारखीच लेक निपजते. म्हणून एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्याच्या उत्पन्नातून पुढची दोन-तीन वर्षे घरचे बियाणे वापरता येते, असे कृषी विभागही सांगतो. घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ सालच्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला आहे.

मग अडते कोठे? अडते उगवणीपाशी. वाण शुद्ध असला तरी दाणा जिवंत असेलच असे नाही. जून २०२० मध्ये मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. त्या बियाण्याची कथा मात्र आधीच्या वर्षीच सुरू झाली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधील पावसाने काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजले होते. उगवण पेरणीच्या दिवशी दिसते, पण ती ठरते त्याच्या सात-आठ महिने आधीपासून. कशी, ते पाहू.

नाजूक दाणा

सोयाबीनचा एक दाणा घ्या. थोडा वेळ ओल्या कापडात ठेवून त्याची साल हलकेच सोलून काढा. साल कागदासारखी पातळ असल्याचे लक्षात येईल. आत दोन डाळिंब्या दिसतील आणि त्यांच्या कडेला, सालीच्या अगदी लगत, छोटासा कोंब. त्याचे टोक म्हणजे भावी मूळ. हरभऱ्याच्या किंवा मुगाच्या दाण्याशी तुलना करा. सोयाबीनच्या कोंबाला फारसे संरक्षण नाही, हे मुलांना स्वतःच सांगता येईल. दाणा दगडावर आपटला किंवा यंत्राच्या दात्यात सापडला, तर पहिला मार या कोंबालाच बसतो. वरून दाणा शाबूत दिसतो, पण आत मुळाचे टोक मोडलेले असते.

दुसरी अडचण तेलाची. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. खोबरे जसे कालांतराने खवट होते, तसेच बियांतील तेलकट घटकांचेही हळूहळू ऑक्सिडीकरण होते. पेशीभोवतीचे पातळ पटलही अशाच स्निग्ध घटकांचे बनलेले असते. ते बिघडले की पेशीतील द्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती जाते. ज्वारी-गव्हाचे दाणे साठवणीत बरीच वर्षे जिवंत राहतात. सोयाबीन आणि भुईमूग मात्र लवकर दम सोडतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

खळ्यापासून कोठारापर्यंत

शेंगा पिकल्या, पाने गळाली की दाणा बियाणे म्हणून तयार झालेला असतो. त्यानंतर तो जितका काळ झाडावर पाऊस आणि ऊन झेलील, तितका कमजोर होतो. भिजला की साल फुगते, वाळला की आकसते. असे चार-पाच वेळा झाले की सालीला सुरकुत्या आणि चिरा पडतात आणि त्यांतून बुरशी आत शिरते. म्हणून बियाण्यासाठी राखायचे सोयाबीन वेळेवर कापावे. पावसात भिजलेला भाग वेगळा ठेवून बाजारात विकावा, बियाण्यात मिसळू नये.

मळणीच्या वेळी दाणा फार ओला असेल तर चेंगरतो आणि फार कोरडा असेल तर फुटतो. १३ ते १५ टक्के ओलावा असताना, मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवून केलेली मळणी बियाण्यासाठी चांगली. बाजारात विकायचा माल झटपट निघावा म्हणून फेरे वाढवले जातात. बियाण्याचा माल त्याच वेगाने काढला तर नुकसान होते. मळणीनंतर ताडपत्रीवर पातळ पसरून ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणावा. प्रमाणित सोयाबीन बियाण्यात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही.

साठवणीबाबत अमेरिकेतील बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी सांगितलेले ढोबळ नियम वर्गात गणितासाठी फार उपयोगी आहेत. पहिला नियम : बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला की बियांचे आयुष्य दुप्पट होते. दुसरा नियम : साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केले की आयुष्य दुप्पट होते. आता हिशोब करू. एका घरात पोते जाड भिंतीच्या खोलीत, २५ अंशांवर आहे. दुसऱ्या घरात ते पत्र्याच्या शेडमध्ये, ४० अंशांवर आहे. फरक १५ अंशांचा, म्हणजे पाच-पाच अंशांच्या तीन पायऱ्यांचा. २ × २ × २ = ८. म्हणजे पत्र्याखालच्या बियाण्याचे वय आठपट वेगाने वाढते! हे नियम अंदाजापुरतेच आहेत आणि दिवसभरात तापमान एकसारखे राहत नाही. तरीही मे महिन्यात पत्र्याखाली पोते ठेवणे किती महागात पडते, ते यावरून कळते.

पोती ज्यूटची असावीत. ती जमिनीला किंवा भिंतीला टेकू देऊ नयेत, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. थप्पी चार पोत्यांहून उंच रचू नये, नाही तर खालच्या दाण्यांवर भार येतो. पोते वरून आपटून टाकू नये. खत किंवा कीटकनाशक त्याच खोलीत ठेवू नये.

मटकीसारखे भिजवले तर?

बरेच विद्यार्थी विचारतील, “मटकीला मोड आणताना आपण ती रात्रभर भिजवतो. मग सोयाबीन भिजवून पेरले तर चांगले उगवेल ना?” हा प्रश्न फार चांगला आहे. मटकीची साल घट्ट असते, पाणी तिच्यात सावकाश शिरते. कधी कधी एखादा दाणा भिजतच नाही. उसळीतला तो गणंग सर्वांच्या परिचयाचा आहे. सोयाबीनची पातळ साल पाण्याला फारसे अडवत नाही. कोरडा दाणा एकदम पाण्यात पडला की आतील पेशी झपाट्याने फुगतात. कोरड्या पेशींची पटले अजून नीट जुळून आलेली नसतात. ती फाटतात आणि पेशींतील साखर व क्षार बाहेर झिरपतात. शिवाय पाण्यात बुडालेल्या दाण्याला प्राणवायूही कमी मिळतो. म्हणून सोयाबीन पाण्यात भिजवून पेरू नये. ओलसर मातीतून त्याला सावकाश पाणी मिळणे हेच उत्तम.

हा झिरपा शाळेत पाहता येतो. दोन काचेच्या पेल्यांत प्रत्येकी पाव लिटर स्वच्छ पाणी घ्या. एकात चांगल्या बियाण्याचे ५० दाणे टाका, दुसऱ्यात जुने किंवा पावसात भिजलेले ५० दाणे. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाण्यांचा रंग आणि गढूळपणा पाहा. खराब दाण्यांच्या पाण्यात जास्त द्रव्ये उतरलेली असतात. बीज प्रयोगशाळेत अशा पाण्याची विद्युतवाहकता मोजून बियांचा जोम ठरवतात. झिरपलेली साखर म्हणजे जमिनीतील बुरशीला आमंत्रणच. कमजोर बी मातीत कुजते ते का, हे यावरून समजेल.

उगवणीची चाचणी

आता मुख्य काम. चाचणीसाठी लागतात वर्तमानपत्राची रद्दी, पाणी, प्लॅस्टिकची पिशवी आणि १०० दाणे.

दाणे घेताना चूक होण्याचा संभव जास्त. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ दाणे काढावेत, एकत्र मिसळावेत आणि त्यांतून न निवडता सलग १०० मोजावेत. टपोरे दाणे वेचून घेतले तर उत्तर खोटे येईल. वर्तमानपत्राच्या कागदाच्या चार घड्या घालून तो ओला करावा, जास्तीचे पाणी निथळू द्यावे. त्यावर थोड्या-थोड्या अंतराने १० दाणे ओळीत ठेवून सैलसर गुंडाळी करावी. अशा १० गुंडाळ्या पिशवीत घालून घरातल्या थंड जागी, माठाशेजारी ठेवाव्यात. योग्य तापमान २५ अंशांच्या आसपास असते. कागद वाळू देऊ नये. चौथ्या-पाचव्या दिवशी गुंडाळ्या उघडून मोजणी करावी. आठव्या दिवशी उरलेले दाणे पुन्हा पाहावेत.

मोड दिसला म्हणजे उगवण झाली, असे नाही. ज्याचे मूळ सरळ व निरोगी आहे, देठ शाबूत आहे, डाळिंब्या सडलेल्या नाहीत, तेच रोप मोजावे. मूळ तुटलेले, देठ चिरलेला किंवा टोक तपकिरी पडलेले रोप शेतात उभे राहत नाही. मुलांनी ‘चांगली’, ‘विकृत’ आणि ‘मेलेली’ असे तीन रकाने करावेत. विकृत रोपे जास्त असतील तर बहुधा मळणीत मार बसला आहे. सडलेले दाणे जास्त असतील तर पावसाकडे आणि साठवणीकडे पाहावे.

१०० पैकी ७० चांगली रोपे आली तर उगवण ७० टक्के. प्रमाणित सोयाबीनसाठी किमान मर्यादाही हीच आहे. पण १०० दाण्यांच्या चाचणीत निव्वळ योगायोगाने सुमारे ९ टक्क्यांचा फरक इकडे-तिकडे पडू शकतो. १० दाणे घेतले तर तो २८ टक्क्यांपर्यंत जातो, ४०० घेतले तर साडेचारवर येतो. बीज प्रयोगशाळा ४०० दाणे का घेतात, ते आता कळेल. वर्गातील चार गटांनी एकाच पोत्यातील प्रत्येकी १०० दाणे तपासले तर प्रयोगशाळेइतकीच मोठी चाचणी होते, आणि चार गटांची उत्तरे वेगळी का आली यावर चांगली चर्चाही होते.

किती किलो पेरायचे?

१०० दाण्यांचे वजन सुमारे १२ ग्रॅम धरले, तर ३० किलोत अडीच लाख दाणे बसतात. उगवण ७० टक्के असेल तर एकरी पावणेदोन लाख रोपे मिळतात आणि तेवढी पुरेशी असतात. उगवण कमी असेल तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे :

३० × ७० ÷ चाचणीत आलेली टक्केवारी = एकरी किलो

६५ टक्क्यांना हे उत्तर ३२.३ किलो येते, ६० टक्क्यांना ३५ किलो. ५० टक्क्यांना गणिताने ४२ किलो येईल, पण येथे गणित थांबवावे. ज्या पोत्यातील निम्मे दाणे मेले, त्यातील उरलेलेही अशक्तच असतात. ते ओल्या कागदावर उगवतात, पण मातीची पापडी फोडू शकत नाहीत. उगवण ६० च्या खाली असेल तर ते बियाणे पेरू नये.

पापडीची गोष्ट काळ्या जमिनीत विशेष महत्त्वाची. सोयाबीन उगवताना देठ वाकून दोन्ही डाळिंब्या मातीतून वर ओढून काढतो. हे ओझे मोठे असते. म्हणून पेरणी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल नको, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन नीट ओली झाल्याशिवाय नको. पेरणीपूर्वी शिफारस केलेले बुरशीनाशक व नंतर जिवाणू खत चोळावे. पण त्याने बियांचे रक्षण होते, मेलेले बी जिवंत होत नाही. बुरशीनाशकाचे काम मोठ्यांनीच करावे. असे चोळलेले बी खाण्यात किंवा जनावरांच्या पुढ्यात जाता कामा नये.

शाळेत ही चाचणी एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी घ्यावी. पोत्यात दोष असेल तर दुसरे बियाणे शोधायला वेळ मिळतो. मे महिन्याचे ऊन मध्ये जात असल्याने मुलांनी तीच चाचणी मेच्या शेवटच्या आठवड्यात घरी पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. दुबार पेरणी करावी लागली तर बियाणे, मजुरी आणि पावसाचे मोलाचे दिवस असे तिन्ही वाया जातात. त्या तुलनेत रद्दीचे दहा कागद काहीच नव्हेत. जून उजाडल्यावर शाळेत परतलेल्या मुलांना आणखी एक काम द्या. शेतातल्या एका ओळीत एक मीटर अंतरात किती रोपे उगवली ते मोजून आणायला सांगा. कागदावरचा आकडा आणि मातीतला आकडा यांत किती फरक पडला आणि तो का पडला, हा पुढच्या तासाचा विषय होईल.