विश्लेषण : खोपोलीच्या शिळफाट्यावर घरकुलाचे अनुदान हद्दीनुसार का बदलते?

शिळफाटा म्हटले की अनेकांना ठाणे-कल्याणकडचा वाहतूककोंडीचा चौक आठवतो. खालापूर तालुक्यातला शिळफाटा मात्र जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा, खोपोली नगर परिषदेच्या हद्दीतला. ही हद्द संपून ग्रामपंचायत लागली, की घरकुलासाठी मिळणारे सरकारी पैसेही बदलतात.

नगर परिषद हद्दीत किती?

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे १ लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. कुटुंबाचे देशात कुठेही पक्के घर नसावे, ही अट.

ग्रामपंचायतीत किती?

ग्रामीण योजनेत २०१६ पासून आकडा १ लाख २० हजारांवरच थांबला आहे : केंद्राचे ७२ हजार, राज्याचे ४८ हजार. दरम्यान सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी सगळेच वाढले. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, पण त्यातले १५ हजार छतावरच्या सौरसंचासाठी. म्हणजे भिंती आणि छपरासाठी वाढले ३५ हजारच. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी वेगळी. पहिला हप्ता १५ हजारांचा. एवढ्यात जोतेही पुरे होत नाही. बाकीचे साहित्य उधारीवरच आणावे लागते.

कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेले पीएम-जनमन आहे. त्यात घरासाठी २ लाख मिळतात, पैकी ८० हजार राज्याचे.

मग अडते कुठे?

जागेवर. घर बांधायला अनुदान आहे, पण सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. ग्रामीण भागातील भूमिहीनांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला १ लाखापर्यंत साह्य मिळते. महामार्गालगत एवढ्या पैशांत जागा कोण देणार, हा प्रश्नच आहे. वाडी वनजमिनीवर असेल तर गुंता आणखी वाढतो.

अर्ज करण्याआधी घरपट्टीची पावती पाहा. ती नगर परिषदेची असेल तर अर्ज तिथे, ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसेवकाकडे. ही पावती म्हणजे मालकीचा पुरावा मात्र नव्हे.