विश्लेषण : होडीला नांगर एक की दोन?

नांदेडमध्ये ‘लंगर’ म्हटले की डोळ्यांसमोर गुरुद्वाऱ्यातील पंगत येते. हिंदीत याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे जहाजाचा नांगर. मराठीची गंमत आणखी वेगळी. शेतात चालतो तोही नांगर आणि पाण्यात होडी रोखून धरतो तोही नांगर. नांदेड-लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही हे शास्त्र समजायला शेतातला नांगरच सर्वात उपयोगी पडतो.

विषय जिवाशी जोडलेला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रातील तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा नांगर सुटून भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. त्यावर २६१ जण होते. हा तराफा आणि ‘वरप्रदा’ ही टगबोट अशा दोन्हींवरील मिळून ८६ जणांचा मृत्यू झाला. पी-३०५ ला एक नव्हे, अनेक नांगर होते. म्हणजे नुसती संख्या वाढवून भागत नाही. मग शिडाच्या लहान होडीवर पुढच्या बाजूने दोन नांगर टाकतात, ते कशासाठी?

नांगर नेमका धरतो कसा?

वजनामुळे, असे बहुतेकांना वाटते. तलावातल्या छोट्या नावेला दोराने दगड बांधला तर तेवढ्यापुरते ते खरेही असते. खरा नांगर मात्र तळात रुतून धरतो. बैल नांगराच्या फार जवळ जुंपले की ओढ वरच्या दिशेने लागते आणि फाळ उथळ चालतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. होडीचेही तेच आहे. ओढ तळाला समांतर लागली तर नांगर आणखी खोल जातो, वर लागली तर उपटून येतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये लहान होड्यांसाठी जो प्रसिद्ध नांगर तयार केला, तो तर चक्क फाळाच्या आकाराचा आहे.

म्हणून नांगराजवळ जड साखळी लावतात आणि दोर भरपूर लांब सोडतात. साधारण नियम असा, की पाण्याची खोली अधिक होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची आणि त्याच्या ५ ते ७ पट दोर. नवखे इथेच फसतात. ओहोटीला ३ मीटर पाणी आणि १ मीटर नाळ धरून ७ पटीने २८ मीटर दोर सोडला. रात्री भरतीने पाणी ४ मीटर चढले, की तोच दोर जेमतेम साडेतीन पट उरतो. विष्णुपुरी किंवा मांजरा जलाशयात भरती-ओहोटी नसते, समुद्रात ती विसरून चालत नाही.

मग दुसरा नांगर कधी?

जोराचा वारा एकाच दिशेने येणार असेल तेव्हा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो. अशा वेळी नाळेवरून दोन दोर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे पुढे पसरतात. यात कोनाला महत्त्व आहे. दोघांनी मिळून पाण्याची बादली उचलली आणि दोघे जवळ असले तर भार वाटला जातो. दोघे जसजसे लांब सरकतील तसतसा हाताला ताण वाढतो. दोन दोरांमध्ये ६० अंशांचा कोन असेल, तर प्रत्येकावर एकूण ओढीच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. कोन १२० अंश झाला, की प्रत्येक दोरावर पूर्ण ओढ! दुसरा नांगर टाकून ताण कमी झालाच नाही. हे गणित दोन्ही दोर सारखे ताणलेले असतानाचे आहे. वारा थोडा फिरला, की बहुतेक भार एकाच नांगरावर जातो.

दुसरा प्रसंग अरुंद खाडीचा. तिथे साधारण सहा-सहा तासांनी प्रवाह उलटतो. एकच नांगर असेल तर होडी मोठा फेरा घेते आणि उलट्या ओढीने नांगर निसटू शकतो. म्हणून एक नांगर प्रवाहाच्या वरच्या अंगाला, दुसरा खालच्या अंगाला टाकतात, पण दोन्ही दोर नाळेलाच बांधतात. होडी मग जवळपास जागच्या जागी फिरते. एक दोर मागच्या टोकाला का बांधू नये? तसे केले तर होडी वाऱ्याकडे तोंड करू शकत नाही. आडव्या वाऱ्याचा आणि लाटांचा सगळा मार तिच्या अंगावर येतो.

तोटे कोणते?

होडी गोल फिरत राहिली तर दोन दोरांना पीळ बसतो. भर पावसात, अंधारात तो सोडवणे हे त्रासाचे काम. शेजारच्या होड्या एका नांगरावर मोठा फेरा घेत असतील आणि आपली जागेवर अडकून असेल, तर टक्कर होऊ शकते. तळ मऊ गाळाचा असेल तर दोन हलक्या नांगरांपेक्षा रुंद पात्याचा एक मोठा नांगर अनेकदा बरा. जागा मोकळी असेल तर दुसऱ्या नांगराआधी पहिल्याचा दोर वाढवून पाहावा, हेच आमच्या मते शहाणपणाचे.

दोन नांगर टाकलेच, तर घाईने निघण्याची सोय आधी करावी लागते. एका दोराच्या टोकाला तरंगता डबा बांधून ठेवतात. वादळात निघायची वेळ आली तर तो दोर डब्यासकट पाण्यात सोडून देतात, दुसरा नांगर उचलतात आणि वारा पडल्यावर डबा शोधत परत येतात.