तोट्याचे पान न फाडणारा संघ

व्यापारात तोटा कोणालाच चुकलेला नाही. तोट्याचे पान पुन्हा उघडून शांतपणे वाचण्याचे धैर्य मात्र थोड्यांकडेच असते. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ‘सॅन अँटोनियो स्पर्स’ या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने हे धैर्य दाखवले. त्यामुळेच त्याचा २०१३-१४चा हंगाम क्रीडारसिकांइतकाच व्यवहारी माणसालाही उद्बोधक वाटावा.

या कथेचा आरंभ पराभवाने होतो. १८ जून २०१३ रोजी मायामी येथे एनबीए स्पर्धेच्या अंतिम मालिकेतील सहावा सामना सुरू होता. सातपैकी चार सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो. स्पर्स ३-२ असा पुढे होता. अवघे २८ सेकंद उरले असता त्याची आघाडी पाच गुणांची होती. चषकप्रदानासाठी मैदानाभोवती दोर लावण्याची तयारीही सुरू झाली होती. इतक्यात प्रतिस्पर्धी मायामी हीटने तीन गुण मिळवले. पाठोपाठ स्पर्सच्या २१ वर्षांच्या कवाय लेनर्डला दोन मुक्त फेका मिळाल्या. त्यांपैकी एक हुकली. ५.२ सेकंद शिल्लक असताना रे ॲलनने तीन गुणांची फेक साधून बरोबरी केली. जादा वेळेत मायामीने १०३-१०० असा विजय मिळवला आणि दोन दिवसांनी सातवा सामनाही जिंकला.

नव्या हंगामाच्या आरंभी प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी खेळाडूंना त्याच पराभवाचे चित्रण पुन्हा पाहावयास लावले. कोणा एकाच्या माथी दोष मारला गेला नाही आणि अनुभवी मंडळींवरील विश्वासही ढळला नाही. टिम डंकन, अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली व फ्रान्सचा टोनी पार्कर हेच संघाचे आधारस्तंभ राहिले. मात्र भार वाटून घेतला गेला. ४८ मिनिटांच्या सामन्यात एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नाही. तरीही ८२पैकी ६२ सामने जिंकून संघ सर्वांत पुढे राहिला. त्यांत सलग १९ विजयांची मालिका होती.

बाद फेरीची वाट सोपी नव्हती. पहिल्याच मालिकेत डॅलसने सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले. पोर्टलँडला ४-१ असे नमवल्यावर ओक्लाहोमा सिटीशी गाठ पडली. सहाव्या सामन्यात पार्कर दुखापतीमुळे उत्तरार्धात खेळू शकला नाही; तेव्हा ३८ वर्षांच्या डंकनने जादा वेळेत संघाला तारले.

अंतिम मालिकेत समोर पुन्हा मायामीच! पहिले दोन सामने बरोबरीत सुटावेत तसे एक-एक वाटले गेले. तिसऱ्या सामन्यात, मायामीच्याच मैदानावर, स्पर्सने पूर्वार्धातच ७१ गुण केले. चेंडू एकाच्या हाती फार काळ थांबत नव्हता. स्वतःची बरी संधी सोडून सहकाऱ्याची अधिक चांगली संधी साधली जात होती. १५ जून २०१४ रोजी पाचव्या सामन्यात आरंभी ६-२२ असे मागे पडूनही संघ डगमगला नाही. तो सामना १०४-८७ असा आणि मालिका ४-१ अशी जिंकून स्पर्सने पाचवे विजेतेपद मिळवले.

अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान लेनर्डला मिळाला. वर्षापूर्वी मोक्याच्या क्षणी ज्याची फेक हुकली होती, तोच हा तरुण. त्या एका चुकीवरून संघाने त्याची पत ठरवली नव्हती.