द्राक्षगर्भ

'द्राक्षगर्भ' हा शब्द मला कवितेतला वाटला होता. आहे मात्र आजाराचा. गर्भ वाढण्याऐवजी पिशवीत द्राक्षांच्या घडासारखे पाण्याचे फोड होतात. सोनोग्राफीत ते दिसले की पिशवी साफ करतात. पण काहीजणींत उरलेल्या पेशींची गाठ होते, क्वचित कर्करोगही. हे बीटा-एचसीजी या रक्ततपासणीतून कळतं. आकडा उतरत जायला हवा. अडला किंवा चढला तर उपचार लागतात. पसरलेला असा कर्करोगही मेथोट्रेक्सेटने हटतो, हे १९५६ मध्ये दिसलं. आज बहुतेकजणी बऱ्या होतात, पुढे मूलही होतं.

अडतं ते तपासणीपाशी. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला बेळगावची प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. 'आता बरं हाय की' म्हणून खेप चुकते. घरात कुणाला हा आजार झाला, तर तारखा आपण लक्षात ठेवूया. डॉक्टर सांगेपर्यंत दिवस राहू देऊ नयेत, हेही सांगूया. नाहीतर आकडा कशाने चढला, तेच कळत नाही.