हाडांची झीज आणि कांडवेल
रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की हाडांची झीज वाढते आणि पोटाभोवती चरबीही साठू लागते. या दोन्हींवरील उपाय म्हणून संशोधकांचे लक्ष कांडवेलीच्या अर्काकडे गेले आहे. चौकोनी, रसाळ पेरांची ही वेल आयुर्वेदात मोडलेले हाड सांधण्यासाठी सांगितली असून तिचे कच्चे पेर चावल्यास कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो. अंडाशय काढलेल्या उंदरांमध्ये अर्काने झीज कमी झाली. माणसांवरील वजनाच्या चाचण्या मात्र लहान आहेत. औषधी वेलींना बाजारपेठही मिळू शकते: शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी गुळवेल औषधकंपन्यांना विकण्याचा व्यवसाय उभारला. कांडवेलीलाही अशी बाजारपेठ हवी, पण डॉक्टरांची औषधे सोडून कोणीही हा अर्क घेऊ नये.