ठरवून घातलेला गोंधळ

पंक रॉक 1976च्या आसपास लंडन-न्यूयॉर्कमध्ये जन्मलं असं ठामपणे सांगणारा कुणी भेटला, तर त्याला ‘फन हाउस’ ऐकवावा. द स्टूजेसचा हा दुसरा अल्बम जुलै 1970चा. मिशिगनमधल्या अॅन आर्बरची ही पोरं: गायक इगी पॉप, गिटारवर रॉन अॅशटन, ड्रमवर त्याचा भाऊ स्कॉट, बेसवर डेव्ह अलेक्झांडर. ज्या जुनाट घरात ते एकत्र राहायचे, त्याचंच नाव फन हाउस.

वेल्वेट अंडरग्राउंडमधून बाहेर पडलेल्या जॉन केलने त्यांचा 1969चा पहिला अल्बम केला होता. गाणी झकास, पण स्टेजवर अंगावर येणारा बँड त्यात सापडत नाही. दुसऱ्या खेपेला इलेक्ट्रा कंपनीने डॉन गॅलुचीला निर्माता नेमलं. गराज रॉकचं आद्य गाणं म्हणावं अशा द किंग्जमेनच्या ‘लुई लुई’वर कीबोर्ड वाजवणारा तो हाच. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत वाद्यांचे आवाज नीट वेगवेगळे ठेवून पाहिले, तर गाण्यातला जीवच गेला. मग आवाज शोषणारे आडोसे आणि गालिचे हटवले, सगळ्यांना एकाच खोलीत उभं केलं आणि इगीच्या हातात माइक दिला. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडला तर सांडू दे!

‘लूज’ किंवा ‘टी.व्ही. आय’मध्ये रॉन एखादी छोटीशी रिफ धरून बसतो आणि सोडतच नाही. इगी आधी ड्रमर होता. त्यामुळे शब्द मोजकेच, पण प्रत्येक किंकाळी तालावर पडते. मला सगळ्यांत आवडतं ते ‘डर्ट’. सात मिनिटं बेस आणि ड्रम संथ, जवळजवळ आळसावून चालतात आणि गिटार वाट पाहत राहते. ‘रांगडा’ म्हणून या बँडची बोळवण करणाऱ्यांनी हा संयम ऐकलेला नसतो. दुसऱ्या बाजूला स्टीव्ह मॅकेचा सॅक्सोफोन घुसतो आणि गराज रॉक फ्री जॅझला जाऊन भिडतं. शेवटचं ‘एल.ए. ब्लूज’ म्हणजे निव्वळ कल्लोळ. ते मी दर वेळी पूर्ण ऐकतो असा दावा करणार नाही.

अल्बम तेव्हा खपला नाही. ‘क्रीम’ मासिकात लेस्टर बँग्जने त्यावर लांबलचक लिहिलं, पण कंपनीने पुढे बँडला नारळ दिला. 1977मध्ये लंडनच्या द डॅम्डने आपल्या पहिल्याच अल्बमात यातलं ‘1970’ वाजवलं, तोवर स्टूजेस फुटूनही काही वर्षं झाली होती.

1999मध्ये या ध्वनिमुद्रणाचे सगळे टेक सात सीडींच्या संचात निघाले. त्यात एकट्या ‘लूज’चेच दोन डझनांहून जास्त टेक आहेत. एकेक गाणं पुन्हा पुन्हा, तेच, तसंच, फक्त वेग आणि जोर बदलत. बेभान वाटणारी ही पोरं हवा तो बेभानपणा सापडेपर्यंत थांबायला तयार नव्हती.